मुळशी : हवामान आणि औद्योगिक पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुका, मुख्यालय पौड. पूर्वेला पुणे शहराला भिडलेला, पश्चिमेला ताम्हिणी घाटाने रायगड जिल्ह्यात उतरणारा. कोराईगड, घनगड व कैलासगड हे किल्ले याच तालुक्यात. येथील पहिला मोठा उद्योग पावसाच्या पाण्यावर उभा राहिला, म्हणून हवामान व उद्योग यांची नोंद एकत्र घेतली आहे.

पर्जन्यमान : नैर्ऋत्य मोसमी वारे कोकण ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढताना थंडावतात आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने ओसरतो. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिमी. पाऊस पडतो, ताम्हिणीत एका पावसाळ्यात ५,००० मिमी. सहज ओलांडले जातात. २०२४ च्या पावसाळ्यात तेथील बेरीज ९,००० मिमी.च्या पुढे गेली आणि वृत्तपत्रांनी तिची तुलना चेरापुंजीशी केली. एका वर्षाचा आकडा सरासरी म्हणून वापरू नये.

२५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत ५५६ मिमी. पाऊस नोंदला गेला. पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचले जाते. त्यामुळे ही नोंद २४ तारखेच्या सकाळी साडेआठपासून २५ च्या साडेआठपर्यंतची, म्हणजे पावसाचा बराचसा भाग आदल्या दिवसाचा. जुन्या नोंदी वाचताना हा फरक नजरेतून सुटतो आणि पुराची तारीख चुकते.

अंदाज : भारतीय हवामान विभाग पुणे जिल्ह्याचा मैदानी भाग व घाटमाथा यांचे इशारे वेगळे देतो. घाटमाथ्याच्या दैनिक नोंदींत ताम्हिणीबरोबर दावडी, डुंगरवाडी, शिरगाव ही नावे येतात. २४ तासांत ६४.५ मिमी.पासून ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’, २०४.५ पासून ‘अत्यंत मुसळधार’ असे वर्ग आहेत. जुलैत घाटमाथ्यावर तिसरा वर्गही अपवाद नसतो. ‘पुण्यात हलक्या सरी’ या वाक्यावर विसंबून ताम्हिणीला निघणे धोक्याचे आहे. शेतकऱ्यासाठी पहिल्या पावसाचा अंदाज अधिक मोलाचा : रोपांसाठीचे राब भाजून झालेले असतात, कोरड्या जमिनीत धूळवाफेवर भात पेरायचे असते आणि पावसाची आठवडाभराची ओढ रोपे जाळते. आंबेमोहोर तांदळासाठी हा भाग प्रसिद्ध आहे.

हिवाळा कोरडा व थंड, एप्रिल-मेमध्ये वळीव.

जलविद्युत : मुंबईच्या कापडगिरण्या दूरवरून आणलेल्या कोळशावर चालत. घाटमाथ्यावर पाणी साठवून ते कोकणात सोडायचे आणि त्या उतारावर वीज निर्माण करायची, ही टाटांची योजना. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये व मुळशीच्या पाण्यावरचे भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. भिऱ्यासाठी मुळा नदीवर मुळशी धरण बांधण्यात आले. साठवण सुमारे २० टीएमसी (अब्ज घनफूट). पूर्वेला भीमेकडे जाणारे पाणी बोगद्याने पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडतात. वीज झाल्यावर ते कुंडलिका नदीला मिळते. म्हणूनच कुंडलिकेला उन्हाळ्यातही प्रवाह असतो. भिऱ्याला पुढे १५० मेगावॉटचा उदंचन संच जोडण्यात आला. हा संच मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवतो.

सत्याग्रह : या धरणात बुडालेल्या गावांची संख्या बहुधा ५२ दिली जाते, इतर आकडेही आढळतात. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे प्रमुख नेते. ‘सेनापती’ ही बापटांची उपाधी याच लढ्यातली. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले. जमिनींवर हक्क असलेल्या सावकारांनी मोबदला पत्करल्याने लढ्याची ताकद फुटली. १९२४ च्या अखेरीस बांधकामाची रेल्वे अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. बापटांचे चरित्र सांगताना कसणाऱ्या मावळ्यांची नावे मागे पडतात, त्यांत सत्याग्रही जाईबाई भोईटे यांचेही. हा अन्याय आहे. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

अलीकडील उद्योग : पिरंगुट परिसरातील कारखाने; हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान; दासवे येथील लवासा प्रकल्प, ज्याच्या पर्यावरण परवानगीवरून २०१० पासून वाद झाला.

मुळशीचे पाणी पूर्वेकडील दुष्काळी भागाला द्यावे, ही मागणी वारंवार होते. ती अवाजवी नाही : वीज इतर मार्गांनीही होते, दुष्काळी भागाला मात्र पाणी अपुरे पडते.