निजलेल्या विमानाची परीक्षा

सप्टेंबर 1939 मध्यें युरोपांत महायुद्धाचा वणवा पेटला आणि इंग्लंडांतील खासगी विमानोड्डाण एकाएकीं बंद पडलें. तोंवर तेथील हौशी वैमानिकांचें लाडकें वाहन म्हणजे ‘मॉथ’ हें दोन आसनांचें हलकें विमान. जॉफ्री डी हॅव्हिलंड यांनीं तें 22 फेब्रुवारी 1925 रोजीं प्रथम उडविलें. 1928 मध्यें स्थापन झालेल्या मुंबई फ्लाइंग क्लबांतही अनेकांनीं उड्डाणाचे धडे गिरविले ते याच विमानावर. युद्ध सुरू होतांच इंग्लंडांतील पुष्कळशीं मॉथ विमानें सरकारनें ताब्यांत घेतलीं. उरलेल्यांपैकीं कांहीं शेतवाडीवरील कोठारांत धूळ खात पडलीं. 1 जानेवारी 1946 रोजीं बंदी उठली. सहा वर्षें निजलेलें विमान उठवावयाचें कसें, हा प्रश्न मग मालकांपुढें उभा राहिला.

विमानाचें लाकूड, कापड आणि तारा यांची नादुरुस्ती डोळ्यांस दिसते. इंधनाच्या मार्गांतील दोष मात्र सहसा दिसत नाहीं. पेट्रोल हें नाना घटकांचें मिश्रण आहे. त्यांतील हलके घटक आधीं उडून जातात, आणि थंड इंजिन चालू होण्यास नेमके तेच लागतात. मागें राहिलेल्या कांहीं घटकांचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ बनतो. तांब्याच्या सान्निध्यानें ही क्रिया वाढते, आणि जुन्या विमानांतील नळ्या तर बहुधा तांब्याच्याच! दुसरा शत्रु पाणी. अर्धवट भरलेल्या टाकींत तापमानाच्या चढउतारानें हवा आंतबाहेर होते. तिच्यांतील बाष्पाचें थंड पत्र्यावर पाणी होतें आणि तें पेट्रोलपेक्षां जड असल्यामुळें तळाशीं सांचतें.

मॉथमध्यें टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागीं असे. पेट्रोल स्वतःच्या वजनानेंच खालीं कार्बुरेटरांत उतरे. म्हणून जाणता यंत्रज्ञ, शेतकरी पाट तपासतो त्याप्रमाणें, उगमापासून शोध घेतो. जुनें पेट्रोल सर्व काढून टाकावयाचें, टाकी आंतून पाहावयाची, गाळणी धुवावयाची, वाळलेल्या रबरी नळ्या बदलावयाच्या. कार्बुरेटर उघडून त्यांतील तरंगता गोळा व सुई मोकळी हालते काय, बारीक छिद्रांत डिंक बसला आहे काय, हें पाहावयाचें. शेवटीं ताजें पेट्रोल भरून, कार्बुरेटरपाशीं नळी सोडून, ठराविक वेळांत किती पेट्रोल वाहतें तें मोजावयाचें.

ही तसदी कशासाठीं? इंजिन सुरू झालें म्हणजे काम झालें, ही समजूत फसवी आहे म्हणून. जमिनीवर मंद गतीनें चालणाऱ्या इंजिनास थोडें पेट्रोल पुरतें. अर्धी बुजलेली गाळणीही तेवढें देते. विमान उडतांना पूर्ण शक्ति लागते, पुरवठा तोकडा पडतो, आणि झाडांच्या शेंड्यांवर असतांनाच इंजिन गप्प होतें. परत वळण्याइतकी उंची तेव्हां नसते. याहून कपटी दोष टाकीच्या हवानळीचा. पेट्रोल जसजसें खालीं जाईल, तसतशी हवा आंत आली पाहिजे. एखाद्या कुंभारीण माशीनें त्या इवल्या छिद्रांत मातीचें घर केलें, तर इंजिन कांहीं काळ उत्तम चालतें आणि टाकींतील हवा विरळ होतांच उपाशी मरतें.

कित्येक जुन्या हलक्या विमानांत पेट्रोलची पातळी दाखविणारा गोळा बुचाच्या लाकडाचा असे. त्यावर शेलॅकचा, म्हणजे आपल्याकडील रानांतून मिळणाऱ्या लाखेचा लेप देत. आज अनेक देशांत मोटारींच्या पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळतात, आणि शेलॅक मद्यार्कांत विरघळतें. तसलें पेट्रोल भरल्यास लेप सुटतो, त्याचे कण गाळणींत अडकतात, आणि बूच भिजून बुडाल्यामुळें पातळीची खूणही खोटी ठरते.

शंभर वर्षें लोटलीं, तरी कांहीं मॉथ विमानें अजून उडतात. त्यांच्या चालकांचा नेम ठरलेला असतो. उड्डाणापूर्वीं तळाची तोटी उघडावयाची, कांचेच्या भांड्यांतील पेट्रोल उजेडांत धरून पाण्याचा थेंब शोधावयाचा, आणि मगच पंख्यास हात लावावयाचा.