रिकाम्या आसनाचे रक्षण

रंगवणे म्हणजे रंग लावणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु रंगकामाच्या इतिहासाचा मोठा भाग हा रंग लागू न देण्याचा इतिहास आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील एका गुहेत मानवी हाताची आकृती आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ती किमान 39,900 वर्षांपूर्वीची आहे. तो हात कोणी रेखाटलेला नाही. हात भिंतीला टेकवून त्याच्याभोवती रंग उडवला गेला आणि हात बाजूला होताच त्याची रंगहीन जागा तेवढी उरली. पुढे मुद्रणकलेत हेच तत्त्व वेगळ्या रूपात आले. हाताने चालवायच्या छापखान्यात 'फ्रिस्केट' नावाची एक चौकट असे. तिच्यावर ताणलेल्या कागदात किंवा चर्मपत्रात फक्त मजकुराच्या जागी खिडक्या कापलेल्या असत आणि उरलेला भाग पानाच्या समासाला शाई लागू देत नसे. साहित्याचे वाचक ज्या कोऱ्या समासात टिपणे करतात, तो समास अशा रीतीने जपावा लागत असे. एअरब्रशने काम करणारे चित्रकार झाकणीसाठी जे चिकट पटल वापरतात, त्याला आजही फ्रिस्केट हेच नाव आहे.

विमानांच्या छोट्या प्रतिकृती रंगवणाऱ्यांची झाकणी याच परंपरेतली आहे. तिचा विषय मात्र निराळा आहे. येथे समासाच्या जागी माणसाची बसण्याची जागा जपायची असते.

ही जागा प्रतिकृतींमध्ये सुरुवातीपासून होती असे नाही. 1942 साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून 1:72 प्रमाणातील पाच लाख लाकडी विमाने मागवली. सैनिकांना शत्रूचे आणि आपले विमान ओळखण्याचे शिक्षण देण्यासाठी ती हवी होती. दहा मीटरवर धरलेली अशी प्रतिकृती डोळ्याला सातशे वीस मीटरवरील खऱ्या विमानाएवढी दिसते. त्या अंतरावरून वैमानिक दिसत नाही, म्हणून तो दाखवण्याचे कारणही नव्हते. ही विमाने भरीव होती आणि काळ्या रंगात रंगवलेली होती. गोळी झाडायची की नाही, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्यांच्या बाह्याकृतीतून मिळायचे होते.

युद्धानंतर प्लास्टिकचे युग आले. ब्रिटनमध्ये 'फ्रॉग' कंपनीने 1936 सालीच प्लास्टिकचे सुटे भाग विकण्यास आरंभ केला होता. 1950 च्या दशकात 'एअरफिक्स'चे स्पिटफायर आले आणि हा छंद सामान्य घरांत पोहोचला. सुरुवातीच्या अनेक संचांमध्ये पारदर्शक छताखाली एका खुंटीवर बसवलेला वैमानिक एवढाच ऐवज असे. पण छत पारदर्शक झाले की नजर आत जाणारच. हळूहळू आसन, पट्टे, उपकरणांचा फलक, नियंत्रणदांडा हे सारे आत येऊ लागले. अर्धा मीटर रुंदीचे आसन 1:72 प्रमाणात जेमतेम सात मिलिमीटरचे होते. बाहेरचा रंग या सात मिलिमीटरांत शिरू नये, यासाठी झाकणीची कला विकसित झाली.

तिची रीत थोडक्यात अशी. आतला भाग आधी रंगवून विमानाच्या धडाचे दोन अर्ध जोडतात. मग कॉकपिटच्या तोंडात ओला कागद किंवा स्पंजाचा तुकडा हलकेच बसवतात आणि कडांवर टेप लावतात. चाकांचे खळगे आणि इंजिनाची तोंडे यांचीही अशीच काळजी घेतात. छताच्या काचांवर नेमक्या आकाराचे टेपचे तुकडे चिकटवतात. नंतर छताच्या चौकटीवर प्रथम कॉकपिटच्या आतला रंग फवारतात, आणि त्यावर बाहेरचा. यामुळे काचेतून आत पाहणाऱ्याला चौकटीची आतली बाजू आतल्याच रंगाची दिसते. बाहेरचा रंग विमानाला शत्रूपासून लपवण्यासाठी असतो. आतला रंग फक्त वैमानिकाच्या डोळ्यांसमोर असे.

या कामाचे साधनही अशाच एका अडचणीतून जन्मले. 1920 च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारी लोकप्रिय झाल्या. रंगारी मोटारीचा अर्धा भाग वर्तमानपत्रे चिकटवून झाकत, आणि ती काढताना ताजा रंगही निघून येई. सेंट पॉल येथील थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी 1925 साली यावर मास्किंग टेप हा उपाय काढला. या टेपचा गुण तिच्या मर्यादित चिकटपणात आहे. ती घट्ट धरते, पण वेळ आली की सोडून देते. पुढे जपानी कागदापासून बनवलेल्या पातळ टेपांनी हे काम आणखी नाजूक केले.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. इतक्या निगुतीने जपलेला कॉकपिट खरा असतो का? स्पिटफायरमध्ये इंधनाची टाकी वैमानिकाच्या अगदी पुढे होती. टाकी पेटली की ज्वाळा थेट चेहऱ्यावर आणि हातांवर येत. ईस्ट ग्रिन्स्टेड येथील रुग्णालयात शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिन्डो यांनी अशा वैमानिकांचे चेहरे पुन्हा घडवले. त्या रुग्णांनी 1941 साली 'गिनी पिग क्लब' नावाचे मंडळ स्थापन केले. आपण रंगाचा तुषारही शिरू देत नाही, त्याच जागेत आग शिरली होती. तेव्हा स्वच्छ, रिकामे, नीट रंगवलेले आसन ही एका अर्थाने कल्पितकथाच आहे.

आक्षेप खरा आहे. तरीही काळी, भरीव विमाने आणि हे पोकळ, उघडे विमान यांत निवड करायची झाल्यास दुसरे अधिक सत्याजवळचे वाटते. पहिल्यात पाहणाऱ्याला माणसाची आठवण ठेवण्याची गरज नव्हती. दुसऱ्यात आसन दिसते, आणि आसन दिसले की त्यावर कोण बसले होते, हा प्रश्न टाळता येत नाही. चांगल्या चरित्रकारालाही आपल्या भाषेचा रंग सर्वत्र फासून चालत नाही. ज्याच्याविषयी आपल्याला लिहिता येत नाही, त्याची जागा त्याला कोरी राखावी लागते.