‘ओपन’ म्हणजे कुणाला?

आपल्याकडे ‘ओपन’ म्हटलं की प्रवेशअर्जावरचा खुला प्रवर्ग आधी आठवतो. गोल्फवाल्यांमध्ये मात्र ‘कुठलं ओपन?’ असं विचारावं लागतं. यूएस ओपन, इंडियन ओपन, अशी कितीतरी. ब्रिटनमधली स्पर्धा भरवणारेच तेवढे देशाचं नाव लावत नाहीत. त्यांच्या लेखी ती नुसतीच ‘द ओपन’. हा तोरा थोडा खटकतो, पण शब्दावरचा त्यांचा हक्क जुना आहे.

गंमत अशी की त्यांची पहिली स्पर्धा ओपन नव्हतीच. १७ ऑक्टोबर १८६० रोजी स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकच्या बारा होलच्या मैदानावर आठ जण उतरले, एकाच दिवसात तीन फेऱ्या खेळले आणि विली पार्कने १७४ फटक्यांत टॉम मॉरिसला दोन फटक्यांनी मागे टाकलं. रोख बक्षीस काही नव्हतं; मोरोक्को चामड्याचा लाल पट्टा, त्याला चांदीचं बक्कल. खेळणारे सगळे धंदेवाईक : कुणी चेंडू-काठ्या बनवणारा, कुणी मैदान राखणारा, कुणी कॅडी. (कॅडी मूळचा फ्रेंच ‘कादे’, म्हणजे धाकटा मुलगा. स्कॉटलंडात तो सांगकाम्या झाला आणि मग साहेबांच्या काठ्या वाहू लागला.) क्लबांचे सभासद असलेली खानदानी मंडळी ‘हौशी’, म्हणून ती बाहेर. म्हणजे दार बंद होतं ते साहेबांना! पुढच्या वर्षी प्रेस्टविकच्या क्लबाने स्पर्धा साऱ्या जगाला खुली असल्याचं जाहीर केलं. ‘सारं जग’ म्हणजे व्यवहारात एवढंच, की आता हौशींनीही यावं.

टेनिसमध्ये हाच शब्द उलट्या दिशेने आला. विम्बल्डन हौशींचं होतं. १९६८ मध्ये ते ओपन झालं ते पैसे घेऊन खेळणाऱ्यांसाठी.

गोल्फमध्ये हौशी माणसाला ओपन जिंकायला १८९० साल उजाडावं लागलं. जॉन बॉल जिंकला. तो पहिला हौशी विजेता आणि पहिला इंग्रजही. पुढे बॉबी जोन्स या अटलांटाच्या वकिलाने १९३० मध्ये ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांतली ओपन आणि हौशींची अजिंक्यपदं एका वर्षात घेतली. त्याचा बातमीदार स्नेही ओ. बी. कीलर याने या पराक्रमाला ब्रिजच्या पत्त्यांतला शब्द लावला, ‘ग्रँड स्लॅम’. जोन्सनंतर एकही हौशी ब्रिटनचं ओपन जिंकलेला नाही.

१९३४ मध्ये जोन्सने अमेरिकेतल्या ऑगस्टा या गावी स्वतःची स्पर्धा सुरू केली. तिला ‘मास्टर्स’ म्हणावं, असं त्याचा सहकारी क्लिफर्ड रॉबर्ट्स सांगत होता. जोन्सला ते फार आढ्यतेचं वाटलं. म्हणून नाव पडलं ‘ऑगस्टा नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट’. १९३९ मध्ये मात्र मास्टर्सच अधिकृत झालं. मला जुनंच नाव प्रामाणिक वाटतं. आमंत्रण असेल त्याने यावं, असं ते तोंडावर सांगतं. या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय गोल्फपटू ली एल्डर, साल १९७५.

ओपनची गोष्ट वेगळी, कारण तिथे शब्दानेच वचन दिलेलं असतं. १८९६ च्या यूएस ओपनमध्ये जॉन शिपेन हा कृष्णवर्णीय तरुण खेळणार म्हणून इतरांनी बहिष्काराची धमकी दिली. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर बधले नाहीत, शिपेन खेळला. पण अमेरिकेतल्या धंदेवाईक गोल्फपटूंच्या संघटनेने पुढे १९३४ ते १९६१ या काळात सभासदत्व गोऱ्यांपुरतंच असल्याचं नियमांतच लिहून ठेवलं होतं.

दक्षिण आफ्रिकेतला पापवा सेवगोलम हा भारतीय वंशाचा, मूळचा कॅडी. उजव्या हाताखाली डावा अशी उलटी पकड धरून खेळायचा. १९५९ मध्ये त्याने डच ओपन जिंकलं. १९६३ मध्ये डर्बनला तो नाताळ प्रांताचं ओपन जिंकला तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्याला क्लबहाउसमध्ये पाऊल ठेवता येईना; करंडक त्याला बाहेर, पावसात दिला गेला. १९६५ मध्ये त्याच देशाच्या गोऱ्या गोल्फपटू गॅरी प्लेअरला मागे टाकून तो पुन्हा जिंकला, आणि त्यानंतर सरकारने गोऱ्यांच्या स्पर्धांचं दारच त्याला बंद केलं.