रोहितुकीन
रोहितुकीन : सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांत आढळणाऱ्या, कडुनिंबाच्या कुळातील ‘डायसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम’ या वृक्षातील अल्कलॉइड. मुंबईतील हेक्स्ट कंपनीच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात ते या झाडातून वेगळे केले. त्याच्या रचनेत फेरफार करून ‘फ्लेवोपिरिडॉल’ घडवले गेले. पेशीत विभाजनाचा आदेश पुढे पोचवणारी ‘सीडीके’ नावाची एन्झाइमे असतात. कर्करोगात हे आदेश थांबतच नाहीत. या एन्झाइमांत एटीपी या ऊर्जावाहक रेणूची जी जागा असते तीच फ्लेवोपिरिडॉल अडवते. यांपैकी ‘सीडीके-९’ अडले की जनुकांवरून आरएनए लिहिण्याचे काम मंदावते, ‘एमसीएल-१’सारखी अल्पायुषी, पेशीला जगवणारी प्रथिने संपतात आणि पेशी मरते. फ्लेवोपिरिडॉल हा माणसांवर चाचणी झालेला पहिला सीडीके-रोधक. तीव्र अतिसारासारख्या दुष्परिणामांमुळे त्याची मात्रा ठरवणे अवघड गेले. तरीही पुढच्या सीडीके-रोधकांच्या संशोधनाला त्याने दिशा दिली. मूळ रेणू जंगलातल्या झाडाचा आहे यावरून सालीचा काढा उपयोगी पडेल असा अर्थ कोणीही घेऊ नये. प्रयोगशाळेतील पेशींवर दिसलेला परिणाम हा रुग्णावरील उपचार नव्हे. उपचार कर्करोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावेत.