मॉरिशसला गेलेली आपली माणसे

नोकरीनिमित्त महाराष्ट्र सोडून इथे स्थायिक झालेल्या आपणा सर्वांना सुरुवातीच्या दिवसांतील घुसमट चांगली ठाऊक आहे. भाषा परकी, जेवण वेगळे, सणाला ओळखीचे कोणी नाही. पण या घुसमटीची मुळे कशात असतात, हे मला मॉरिशसच्या मराठी माणसांचा इतिहास वाचताना उमगले.

मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेणे १८३४ पासूनच सुरू झाले होते. कलकत्ता, मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांतून कोकणातील गोरगरीब गेले. सर्व प्रांतांतील मिळून सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली.

घर सुटल्याचे दुःख होतेच. पण जीव गुदमरला तो तिथल्या परिस्थितीने. पोर्ट लुईला उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे. एक दिवस खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्यांनाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, नसल्यास अटक. सुरुवातीला स्त्रिया फार थोड्या, त्यामुळे संसार उभे राहणे कठीण.

याउलट तंजावरचे पाहा. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर गेलेल्यांच्या हाती सत्ता होती. १८५५ मध्ये राज्य खालसा होईपर्यंत तिथे मराठी राजघराण्याचा आधार होता. गाव दोघांनीही सोडले. पण एक मानाने राहिला आणि दुसरा क्रमांक होऊन. परमुलुखात माणूस किती खचतो, हे अंतरावर नव्हे, तर तिथे त्याला मिळणाऱ्या वागणुकीवर ठरते.

मॉरिशसच्या लोकांना सावरले ते भजनाने, देवळाने आणि गणपतीने. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मात्र मराठी माणसे थोडी आणि भोवती भोजपुरी व क्रिओल. त्यामुळे घरातली मराठी मागे पडली. आता ती मुलांना शाळेत शिकावी लागते.

मला वाटते, आपल्या मंडळाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. बदली होऊन आलेल्या नव्या कुटुंबाला पहिल्याच आठवड्यात घरी जेवायला बोलवावे. गणपतीची वाट पाहू नये. आणि उत्सव टिकला म्हणजे भाषा आपोआप टिकते, या भ्रमात राहू नये. आरती मुलांना पाठ आहे. आता त्यांच्याशी रोज घरात मराठीतून बोलूया.