गोंदियाचा फलाट आणि सिकलसेलची माहिती

भंडाऱ्यातून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्याचे मुख्यालय हावडा-मुंबई लोहमार्गावरील मोठे जंक्शन आहे. येथून एक मार्ग बालाघाटमार्गे जबलपूरकडे, तर दुसरा नागभीडमार्गे बल्लारशाहकडे जातो. साहजिकच फलाटावर मराठीइतकीच हिंदी आणि जोडीला पोवारी, गोंडी, छत्तीसगढीही कानी पडते. सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांकडे जाणारे रुग्णही याच गर्दीत असतात.

प्रवाशांपर्यंत आरोग्यविषयक माहिती नेण्याचे काम रेल्वेला नवे नाही. १ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीहून निघालेल्या रेड रिबन एक्स्प्रेसने एड्सविषयीचे प्रदर्शन स्थानकोस्थानी नेले. पल्स पोलिओ मोहिमेत तर स्थानके, बसस्थानके आणि धावत्या गाड्यांतही बालकांना डोस पाजले गेले. बाळाच्या करंगळीवरील शाई पुढच्या पथकाला डोस झाल्याचे सांगत असे. कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा ती अधिक बोलकी होती. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

गोंदियापुरते पाहता, प्रवाशांना सांगण्याजोगा पहिला विषय सिकलसेलचा ठरतो. पूर्व विदर्भात आदिवासी व काही अनुसूचित जातींमध्ये हा आनुवंशिक रक्तदोष अधिक आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. पाणी कमी पडणे, थंडी व अतिश्रम यांमुळे त्रास बळावतो. म्हणजे पाण्याच्या बाटलीविना केलेला लांबचा प्रवास हेदेखील रुग्णाच्या दुखण्याचे निमित्त होऊ शकते.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकास बहुधा कोणताच त्रास नसल्याने रक्ततपासणीवाचून हे कळत नाही. येथे शब्दाची एक अडचण आहे. एसटीत ‘वाहक’ म्हणजे तिकीट देणारा कर्मचारी. ‘वाहकांनी तपासणी करून घ्यावी’ अशी सूचना बसस्थानकात लागली, तर प्रवासी ती आपल्यासाठी नाही असे समजून पुढे जाईल. ‘ज्यांच्या रक्तात हा दोष लपलेला आहे’ असे लिहिणे लांबलचक असले तरी बरे. सूचना हिंदीतही हवी, हे सीमेवरच्या स्थानकाला सांगायला नको.

सवलतींची माहिती तर तिकीट खिडकीशीच मिळायला हवी. मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचारास जाणाऱ्या सिकलसेल रुग्णास रेल्वे शयनयान, वातानुकूलित खुर्चीयान आणि वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणीत भाड्यात ५० टक्के सूट देते. मात्र अनारक्षित डब्यास ती लागू नाही, आणि गोंदिया-नागपूर अंतरासाठी गरीब रुग्ण नेमका त्याच डब्यात चढतो. एसटीच्या सवलतधारकांच्या यादीतही सिकलसेल रुग्णांचा समावेश आहे. या सवलती रुग्णांसाठी आहेत, निव्वळ वाहकांसाठी नाहीत. रेल्वेच्या सवलतीसाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते आधी न घेता खिडकीवर आलेल्यास त्या दिवशी पूर्ण भाडेच भरावे लागते.