आमची मॅटाडोर

आमच्या खळ्याच्या कडेला, आंब्याखाली, एक मॅटाडोर आहे. चाकं कधीच गेली, दगडांवर टेकवलेली आहे. आत कोंबड्या अंडी घालतात. परवा नातवाने विचारलं, "आजोबा, ही कंपनीतून अशीच आली होती का? खिडक्यांना जाळी आणि टपावर हे लोखंडाचं?"

अशी नव्हती आली बाबा. अशी आम्ही केली. तिची गोष्ट लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं, कारण मुरबाड-शहापुरात अशा एकेका गाडीवर एकेक घर उभं राहिलं, आणि एखाद-दुसरं वाकलंसुद्धा.

मी दहावी झालो तेव्हा आमच्याकडून माल बाजारात न्यायचा म्हणजे डोक्यावर पाटी आणि पुढे एसटी. टपावर काकडीच्या करंड्या चढवायच्या, कंडक्टर लगेज फाडायचा, कल्याणला उतरेपर्यंत खालच्या थराचा चेंदामेंदा. शहापूरकडच्या लोकांना आसनगाव, वासिंद, आटगावला लोकल होती. पहाटेच्या गाडीत माल डब्यात भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन, त्यातच उभी माणसं. मुरबाडला रेल्वे नव्हती. आम्हाला एसटी नाहीतर व्यापाऱ्याचा ट्रक. ट्रकवाला म्हणेल तो दिवस, तो म्हणेल ते भाडं, आणि माल ज्या गाळ्यावर उतरेल तो दलाल त्याच्याच ओळखीचा. पट्टी हातात पडली की भाडं, हमाली, अडत वजा होऊन उरायचं काय, तर चहापाण्याचं.

टेम्पो हा शब्द आपण आता कुठल्याही छोट्या मालगाडीला वापरतो. मुळात ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कंपनीच्या गाड्यांचं नाव. त्या कंपनीशी करार करून न. कुं. फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी काढली. पहिल्यांदा आली ती तीनचाकी हॅन्सीट, पुढे एक चाक आणि मागे हौदा. मॅटाडोर नावाची गाडी जर्मनीत १९४९ पासून होती. आपल्याकडची मॅटाडोर १९७० च्या आसपास आली आणि आकुर्डीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. ऐंशीच्या दशकात तिला मर्सिडीजच्या जातीचं डिझेल इंजिन बसलं. आमच्या गावात मर्सिडीज कोणी पाहिली नव्हती, पण मॅटाडोरवाला चहाच्या टपरीवर ऐटीत सांगायचा, "इंजिन मर्सिडीजचा हाय!"

शाळेची मुलं, कंपनीचे कामगार, पेशंट नेण्यासाठी ही गाडी शहरात चालायची. तिथे जुनी झाली की आमच्याकडे यायची. १९९० साली दादाने उल्हासनगरला अशीच एक पाहिली, कंपनीच्या कामगारांची ने-आण करणारी. अडतीस हजारांना सौदा ठरला. वहिनीच्या पाटल्या गेल्या, माझे साठवलेले पैसे गेले, तरी कमी पडले. मग बैलजोडी काढली.

बा तेव्हा ओट्यावर बसला होता. दोर सोडून दिला तेव्हा एवढंच म्हणाला, "बैल खातो, पन शेनपन देतो. ही तुमची गाडी काय देनार?" त्या गाडीत तो पुढे सात वर्षांत एकदाही बसला नाही. म्हशाच्या जत्रेलासुद्धा एसटीनेच गेला.

गाडी आणली आणि दुसऱ्या दिवशी कल्याणच्या वेल्डरकडे नेली. आतली बाकं नटबोल्ट खोलून काढली, ती गोठ्याच्या माळ्यावर ठेवली. एक खाली अंगणात बसायला ठेवलं. तळाला सागाच्या फळ्या मारल्या. खिडक्यांच्या काचा काढून जाळी बसवली, कारण बंद गाडीत रात्रभर ठेवलेली भेंडी सकाळी काळी पडते. टपावर लोखंडी अँगलचं कॅरिअर, मागे चढायला शिडी. ह्या सगळ्याला चार दिवस लागले. कागदावर एक ओळ लिहायला लागली नाही, कारण आम्ही कागदाकडे गेलोच नाही.

त्या गाडीचं एक वेगळेपण होतं. तिची पुढची चाकं ओढायची, मागची नुसती मागून यायची. मागे शाफ्ट नाही, म्हणून तळ अगदी खाली. बाईमाणूससुद्धा गोणी सहज आत सरकवायचं. पण पावसाळ्यात काकडी-शिराळ्याने मागून भरली की पुढची चाकं हलकी पडायची आणि चिखलाच्या चढावर जागच्या जागी फिरायची. मग दादा खाली गाडी वळवायचा आणि रिव्हर्समध्ये चढ चढवायचा. लोक हसायचे. पण गाडी वर जायची. इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीपाशी. थंडीत बरं वाटायचं, मे महिन्यात पाय भाजायचा.

रात्री अकराला आम्ही निघायचो. चार घरांच्या करंड्या गोळा करत सरळगाव, मुरबाड, रायत्याचा पूल आणि कल्याणचा बाजार. उल्हास नदीला पूर आला की रायत्याचा पूल पाण्याखाली, म्हणजे त्या दिवशीचा माल गुरांना. एरवी पहाटे तीनला आम्ही बाजारात उभे. पहिल्यांदा असं झालं की एका गाळ्यावर भाव पटला नाही तर करंडी उचलून दुसऱ्या गाळ्यावर नेता आली. गाडी आपली होती ना! हा फरक पैशात सांगता येत नाही. दलाल "या शेठ" म्हणायला लागला.

आमचंच नव्हे. किन्हवलीकडे एक पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा मित्र होता. त्याने मॅटाडोरच्या मागच्या भागात टेबल ठोकून वाइस बसवला, वर चेन-पुली लावली, तांब्याच्या तारेची रिळं, बेअरिंग, पाइपाचे पाने भिंतीला अडकवले. विहिरीवर गाडी उभी करायची, मोटार वर काढायची, तिथेच खोलायची. शेतकऱ्याचे दोन दिवस वाचायचे, पीकही वाचायचं. मंडपवाल्याने बांबू आणि पातेल्यांसाठी आतून खण केले. गाडी एकच, पण पोटातली मांडणी ज्याच्या त्याच्या धंद्याची.

आता वाईट गोष्ट सांगतो. दरवर्षी पासिंगच्या आधी आम्ही कॅरिअर उतरवायचो, बाकं माळ्यावरून काढून बसवायचो, पासिंग झालं की पुन्हा काढायचो. सगळेच करायचे, म्हणून आम्हालाही त्यात काही वाटत नव्हतं.

१९९७ च्या जानेवारीत टोकावड्याकडून गवताचे भारे भरले. तबेल्याला गवत द्यायचं होतं. गवत वजनाला हलकं, पण उंचीला मोठं. कॅरिअरच्या वर आणखी पुरुषभर रचलं. मी म्हणालो, "दादा, एक थर कमी करू." दादा म्हणाला, "दोन फेऱ्यांचं डिझेल कोण देणार?" मीही गप्प बसलो. उताराच्या वळणावर वारा लागला आणि गाडी सावकाश, अगदी बैल बसावा तशी आडवी झाली. मी वरून गवतासकट शेतात पडलो, मला खरचटलंसुद्धा नाही. दादाचा डावा पाय दाराखाली सापडला. पाय राहिला, पण गुडघा कायमचा गेला.

विम्याच्या माणसाने फोटो पाहिले, आरसी बुक पाहिलं. कागदावर माणसं नेणारी गाडी, बाकांसकट. रस्त्यावर मालाची गाडी, कॅरिअरसकट. "ही तुमची गाडी कागदावरची नाहीच," असं म्हणाला. पैसा मिळाला नाही. तेव्हा राग आला होता. पुढे समजलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं: गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर आधी परवानगी आणि नोंद. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. ज्या बदलांमुळे गाडी आमची झाली, तेच आम्ही सात वर्षं लपवले होते.

त्या रात्री बा दवाखान्यात आला. मला वाटलं, बैलांचं काढेल. त्याने काढलं नाही. दादाच्या पायाशी बसून राहिला.

गाडी उभी करून आम्ही ती आणखी काही वर्षं ओढली, मग इंजिन एका मंडपवाल्याने जनरेटरसाठी नेलं. २००५ मध्ये टाटाचा छोटा हत्ती बाजारात आला आणि मॅटाडोरचं काम त्याने उचललं. त्याच वर्षी बजाज टेम्पोचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं. टेम्पो हे नाव कंपनीने सोडलं, आमच्या तोंडातून मात्र गेलं नाही. आता इकडची भेंडी विमानाने परदेशात जाते, तरी खळ्यावरून निघताना लोक म्हणतात, "टेम्पो आला का?"

गेल्या वर्षी दादाच्या मुलाने पिकअप घेतली. त्याला वर रॅक आणि बाजूला जाळी हवी होती. वेल्डरकडे निघाला तेव्हा दादा काठी टेकत उठला आणि गाडीच्या पुढे उभा राहिला. "आधी कल्याणला आरटीओत चल. तिथं काय चालतं, काय नाही, ते विचार. मग जाळी."

पोरगा कुरकुरला. तीन फेऱ्या झाल्या, आठ-दहा दिवस गेले. जाळीला हो मिळालं, उंच रॅकला नाही. दादाने कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि मॅटाडोरच्या त्या जुन्या बाकावर जाऊन बसला. ते बाक अजून अंगणात आहे.